कोजागिरीचा चंद्र मॅन्युअल मोडवर कसा काढायचा

चंद्राचा फोटो ऑटोवर काढला की हमखास पांढरी टिकली येते, कारण आजूबाजूचं काळं आभाळ बघून कॅमेऱ्याला वाटतं खूपच अंधार आहे आणि तो एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) वाढवत बसतो. पण चंद्रावर तर भर ऊन पडलेलं असतं ना! म्हणून डायल सरळ एम (मॅन्युअल) वर फिरवा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं) एफ/११, शटर (किती वेळ उजेड आत घ्यायचा ते) १/१०० सेकंद ठेवा आणि एक फोटो काढून बघा.

मग तो स्क्रीनवर झूम करा, काळे डाग नीट दिसले पाहिजेत, पांढरंफटक दिसलं तर शटर १/२०० करा, तरी नाही जमलं तर १/४००, पण एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर काय कशामुळे झालं कळतच नाही. मला स्वतःला एफ/८ आणि १/२०० जास्त आवडतं, उजेड एफ/११ आणि १/१०० एवढाच येतो आणि फोटो हलायची भीती कमी. ट्रायपॉड असेल तर २ सेकंदांचा टायमर लावा.

अष्टमीच्या चंद्राला उजेड बराच कमी, तिथे एफ/११ ला शटर १/२५ पर्यंत खाली आणावं लागतं. पण खड्डे बघायचेत तर तोच दिवस धरा, ऊन तिरपं पडतं आणि एकेक खड्ड्याची सावली उठून दिसते.