रोस्किल्डला जाताय? आधी कॅथेड्रलचं कॅलेंडर बघा

डेन्मार्कमधलं रोस्किल्ड हे शहर कोपनहेगनहून मैत्रिणीबरोबर एका दिवसात करायचं तर अडचण एकच: लग्न, अंत्यविधी किंवा प्रार्थनेसाठी तिथलं कॅथेड्रल (मुख्य मोठं चर्च) पर्यटकांना मध्येच बंद होतं.

१. आदल्या रात्री कॅथेड्रलच्या वेबसाइटवर त्या दिवसाच्या वेळा बघा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे जमल्यास दुसरा वार निवडा.

२. कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनवरून ट्रेनने साधारण अर्ध्या तासात पोहोचता. स्टेशनपासून कॅथेड्रल चालत दहा मिनिटांवर आहे.

३. कॅथेड्रल उघडं असेल तर तेच आधी. डेन्मार्कचे जवळजवळ ४० राजे-राण्या इथे चिरविश्रांती घेत आहेत. राणी पहिल्या मार्गारेटची संगमरवरी समाधी सावकाश बघा, घाई करू नका. मग मागच्या बागेतून उतारानं फ्योर्डच्या (समुद्राच्या आत शिरलेल्या खाडीच्या) काठी या. १९६२ मध्ये पाण्यातून वर काढलेल्या पाच व्हायकिंग (जुन्या काळच्या उत्तर युरोपी दर्यावर्दींच्या) नौकांचं संग्रहालय तिथेच आहे. परतताना चढ असतो, दमला असाल तर बस घ्या.

४. सकाळी कॅथेड्रल बंद असेल तर क्रम उलटा करा.

तिकीट मात्र दोघींचंही ट्रेनमध्ये चढण्याआधीच काढा, नाहीतर दंड चांगलाच जबर बसतो.