व्हेनिसच्या आडवाटा पायी कशा धुंडाळाव्यात

व्हिसा, विमा आणि पायांना सरावलेले बूट यांविषयी येथे काही लिहीत नाही. परदेशी निघालेल्या माणसाला ते ठाऊक असतेच. व्हेनिसबाबत मात्र एक सल्ला हमखास दिला जातो, तो आधी निकालात काढायला हवा: ‘तिथे नकाशा बाजूला ठेवा आणि खुशाल वाट चुका.’ हा सल्ला देणारी व्यक्ती बहुधा तरुण, एकटी आणि पाठीवर छोटी पिशवी घेतलेली असते. सोबत सत्तरीतले आईवडील असतील, दुपारच्या गाडीची तिकिटे काढलेली असतील आणि जवळजवळ प्रत्येक पूल पायऱ्यांनी चढावा-उतरावा लागत असेल, तर वाट चुकण्यातली मौज अर्ध्या तासात संपते. शिवाय वाट चुकलेली माणसे आडवाटांना लागतात, हेही खरे नाही. ती भांबावतात, भिंतीवर ‘पेर रिआल्तो’ किंवा ‘पेर सान मार्को’, म्हणजे ‘रिआल्तोकडे’ किंवा ‘सान मार्कोकडे’, असे लिहिलेली पिवळी पाटी शोधतात आणि पुन्हा गर्दीतच जाऊन मिसळतात. या पिवळ्या पाट्या परतीसाठी उत्तम आहेत. एरवी त्यांच्या मागे जाऊ नये.

सुरुवात विभाग निवडण्यापासून करावी. शहराचे सहा विभाग आहेत आणि त्यांना सेस्तिएरे म्हणतात: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, सान पोलो, दोर्सोदुरो आणि सांता क्रोचे. एका सकाळी एकच विभाग घ्यावा, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने कान्नारेजोच घ्यावा. तो सांता लुचिया रेल्वे स्थानकाला लागून आहे आणि त्याच्या उत्तर भागात तीन लांब, सरळ कालवे एकमेकांना जवळजवळ समांतर धावतात. इतर विभागांतल्या गुंत्यात ही सोय मिळत नाही.

निघण्याची वेळ सकाळी सातच्या आतली ठेवावी.

आता खरा अवघड टप्पा, म्हणजे वाट ठरवणे. मलाही याच टप्प्याने सुरुवातीला पुरते दमवले होते, आणि त्याचे कारण शहराच्या घडणीत आहे. व्हेनिस शंभराहून अधिक छोट्या बेटांवर उभे आहे. प्रत्येक वस्तीचे आपले चर्च, आपले मोकळे आवार आणि त्या आवारात आपली विहीर असे. येणेजाणे आणि मालाची ने-आण मुख्यतः होडीने होत असल्यामुळे मोठ्या घरांचे दर्शनी दार पाण्याकडे असे, आणि गल्ली ही बहुतेक वेळा मागची बाजू असे. म्हणूनच अनेक गल्ल्या थेट पाण्यात उतरणाऱ्या दोन पायऱ्यांशी संपतात. आपल्याला तो बंद रस्ता वाटतो. गल्ली बांधणाऱ्याच्या दृष्टीने तो होडीचा धक्का होता. बेटे पुलांनी जोडली गेली, तेव्हा समोरासमोरच्या गल्ल्या जुळतीलच असे नव्हते, त्यामुळे कित्येक पूल तिरके बांधावे लागले. आज शहरात चारशेहून अधिक पूल आहेत, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर पायी जाण्याची वाट तेवढीच आहे.

यातून माझा ठाम नियम निघतो: वाट गल्ल्यांनी नव्हे, पुलांनी ठरवावी. आदल्या रात्री नकाशा समोर घेऊन, जायचे आहे ते ठिकाण आणि मुक्काम यांच्यामध्ये कोणते कालवे आडवे येतात आणि ते कोणत्या पुलांवरून ओलांडायचे, एवढेच क्रमाने कागदावर लिहावे. दोन पुलांच्या मधली जागा म्हणजे एक बेट. तिथे कितीही भटकले, तरी पूल ओलांडल्याशिवाय बेटाबाहेर जाता येत नाही, त्यामुळे हवे तितके भटकावे. मुद्दाम वाट चुकायची हौस असेल, तर ती इथे बिनधोक भागवता येते.

फोनच्या भरवशावर राहू नये. उंच भिंतींच्या अरुंद गल्लीत उपग्रहाचा संकेत नीट पोहोचत नाही, आणि पडद्यावरचा निळा ठिपका कालव्याच्या भलत्याच काठावर जाऊन बसतो. दुसऱ्या शहरात दहा मीटरची चूक चालून जाते. इथे त्या दहा मीटरांत पाणी असते आणि पलीकडे पोहोचायला पाव तासाचा वळसा पडू शकतो. कालव्याच्या प्रवाहावरूनही दिशा ओळखता येत नाही, कारण भरती-ओहोटीबरोबर तो उलटतो.

फोनपेक्षा भिंती वाचाव्यात. कोपऱ्यावर पांढऱ्या चुन्याच्या चौकटीत काळ्या अक्षरांत वाटेचे नाव रंगवलेले असते आणि त्यातला पहिला शब्द पुढे काय आहे ते सांगतो. ‘काल्ले’ म्हणजे साधी गल्ली, ‘फोंदामेंता’ म्हणजे कालव्याकाठची वाट, ‘रिओ तेरा’ म्हणजे बुजवलेल्या कालव्यावरचा, म्हणून बऱ्यापैकी रुंद रस्ता. ‘रामो’ हा छोटा फाटा असतो आणि तो पुष्कळदा कुठेच जात नाही. ‘कोर्ते’ हे घरांमधले अंगण. तिथून पलीकडे वाट असेल असे गृहीत धरू नये. ‘सोतोपोर्तेगो’ म्हणजे घराच्या पोटातून जाणारा बुटका बोळ, आणि पाहुणे नेमके त्यालाच कुणाचे तरी खासगी दार समजून मागे फिरतात. बोळाच्या माथ्यावर रंगवलेले नाव असेल, तर तो सार्वजनिक आहे. खुशाल आत जावे. नाव नसेल आणि लोखंडी फाटक असेल, तर ते कुणाचे तरी घर आहे. तिथे डोकावूही नये.

पत्त्याबाबत एक बजावून ठेवतो. व्हेनिसमध्ये घरक्रमांक गल्लीनुसार नसून विभागानुसार असतात आणि हजारांच्या घरात जातात. ‘कान्नारेजो’ आणि पुढे चार आकडी क्रमांक, एवढा पत्ता घेऊन रात्री सामानासह निघणे म्हणजे स्वतःहून हाल ओढवून घेणे. मुक्कामाच्या मालकाकडून गल्लीचे नाव, जवळचा पूल आणि जवळचा कांपो, म्हणजे चौक, आधीच लिहून घ्यावा. नुसते गल्लीचे नावही पुरत नाही. पुण्यातल्या तांबट आळी, बुरूड आळीप्रमाणे इथेही धंद्यांवरून नावे पडली आहेत, पण ‘काल्ले देल फोर्नो’, म्हणजे भट्टीची गल्ली, शहरात अनेक ठिकाणी सापडते.

पहिल्या सकाळची वाट पाच पुलांची आहे. स्थानकातून डावीकडे निघून पोंते देल्ले गुल्ये हा पहिला पूल ओलांडावा आणि लगेच डावीकडे कालव्याकाठाने वळावे. थोडे चालल्यावर उजव्या हाताला एक बुटका सोतोपोर्तेगो लागतो. ते ज्यू वस्तीचे जुने दार. 1516 मध्ये शहरातल्या ज्यूंना इथे राहण्याची सक्ती झाली आणि रात्री दारे बंद होऊ लागली. ती दारे कायमची निघाली 1797 मध्ये. आतून सरळ गेल्यावर दुसरा पूल लागतो आणि त्यापलीकडे कांपो देल गेत्तो नुओवो. इथली घरे आजूबाजूच्या घरांहून उंच आहेत, कारण वस्तीला पसरायला जागाच नव्हती आणि मजल्यावर मजले चढत गेले. खिडक्यांच्या रांगा किती जवळजवळ आहेत ते पाहावे, म्हणजे आतली छते किती खाली असतील याचा अंदाज येतो.

उत्तरेचा लोखंडी पूल हा तिसरा. तो उतरून उजवीकडे ओर्मेसीनी काठाने चालावे, डावीकडच्या एखाद्या गल्लीने पुढच्या कालव्यावर जाऊन चौथा पूल ओलांडावा आणि पुन्हा उजवीकडे वळावे. पुढे कांपो देई मोरी येतो. त्याच्या कोपऱ्यावर पाठीवर ओझे घेतलेला दगडी माणूस उभा आहे, त्याचे नाक लोखंडाचे आहे. त्याच काठावर, काही पावलांवर, चित्रकार तिंतोरेत्तोचे घर आहे. पाचवा पूल थेट मादोन्ना देल्लोर्तो चर्चसमोर नेतो. तिंतोरेत्तोची समाधी आणि त्याची प्रचंड चित्रे इथेच आहेत.

चर्चकडे तोंड करून उजवीकडे, गास्पारो कोन्तारीनी काठाने थोडे पुढे जावे आणि कालव्यापलीकडच्या भिंतीकडे पाहावे. पालाझ्झो मास्तेल्ली या वाड्याच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेला उंट दिसतो, ओझे लादलेला, सोबत त्याला हाकणारा माणूस. हा उंट मागच्या गल्लीतून कधीही दिसणार नाही, कारण तो होडीतून येणाऱ्यांसाठी कोरला होता.

उरलेल्या गोष्टी किरकोळ आहेत. सार्वजनिक नळांचे पाणी पिण्याजोगे असते, बाटली भरून घ्यावी. गल्लीत उजव्या बाजूने, एकामागे एक चालावे. स्थानिक लोक कामावर निघालेले असतात. पुलाच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसू नये, दंड होऊ शकतो. पाय दुखू लागले, तर चर्चच्या मागच्या बाजूला ‘ओर्तो’ नावाचा होडीथांबा आहे. त्राण असेल, तर तेच पाच पूल उलट क्रमाने ओलांडत परतावे. उलट बाजूने येताना कोपरे वेगळे दिसतात, तेव्हा हातातला कागद खिशात ठेवू नये.