सुट्टीतल्या नाटकाची ऑडिशन: समोरून वाचणाऱ्या बाईचा सल्ला

गेली सोळा वर्षं मी ऑडिशनला समोरून वाचते. टेबलामागे दिग्दर्शक आणि निर्माते बसलेले असतात, तुम्ही मध्ये उभे असता, आणि तुमच्या समोरच्या पात्राची वाक्यं जी बाई हातात संहिता धरून वाचते, ती मी. मे महिन्याच्या सुट्टीत व्यावसायिक बालनाट्यं उभी राहतात, गावोगाव दौरे निघतात, आणि त्यासाठी दरवर्षी नवी माणसं लागतात. सोलापूरची पोरं-पोरी तिथे येतात, तेव्हा कुठे अडतात ते मी दोन हातांच्या अंतरावरून बघते. आपलं गाव म्हणून जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

मे महिन्यातलं नाटक मे महिन्यात ठरत नाही. शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, पडदा त्याच सुमारास उघडायचा असतो आणि त्याआधी महिनाभर तालीम हवी. म्हणजे महाशिवरात्र ते गुढीपाडवा हे दिवस ऑडिशनचे धरा. निरोप बहुतेक वेळा माणसाकडून येतो. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेत तुम्हाला ज्यांनी पाहिलं, तो प्रकाशयोजना करणारा, तो रंगभूषाकार, तेच पुढे फोनवर तुमचं नाव घेतात. १९५४ पासून ही स्पर्धा चालू आहे, आणि व्यावसायिक मंडळींना माणूस लागला की अजूनही तिकडे चौकशी होते. त्यामुळे माहितीच्या कागदावर हौशी कामं संकोच न करता लिहा. अतुल कुलकर्णी यांनी सोलापुरात हौशी नाटकं केली आणि मगच ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, १९९५ साली तिथून बाहेर पडले. फक्त वाढवून लिहू नका. दरबारातला शिपाई केला असेल तर शिपाई लिहा. फोटो दोन पुरतात, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उभा, दोन्ही अलीकडचे आणि फिल्टर न लावलेले.

उतारा निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: गाजलेलं स्वगत आणू नका. एकाच सकाळी तेच स्वगत मी सात जणांकडून ऐकलं आहे, आणि सातही जण मुळातल्या मोठ्या नटाची नक्कल करत होते. टेबलामागच्यांना तो नट आठवतो, तुम्ही आठवत नाही. आपल्या वयाचं, आपल्याला खरोखर मिळू शकेल असं पात्र घ्या. दोन मिनिटं पुरतात, म्हणजे दोनशे ते अडीचशे शब्द. दुसरा एक छोटा उतारा अगदी वेगळ्या मूडचा तयार ठेवा. पहिला रडका असेल तर दुसरा खट्याळ. आणि असा भाग घ्या ज्यात पात्राला समोरच्याकडून काहीतरी हवं आहे: पैसे, माफी, घराची किल्ली, काहीही. नुसत्या आठवणी सांगणारा उतारा दुसऱ्या मिनिटाला खाली बसतो.

आता आवाज. अशोक चौकाकडचा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे तयारीला यायचा. घरातच यंत्रमाग, पत्र्याच्या शेडमध्ये चार माग दिवसभर खडखडणारे. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लहानपणापासूनची. त्याला वाटायचं, आपली फेक उत्तम आहे. आवाज मोठा होता, पण सगळा गळ्यातून, आणि दहा मिनिटांत बसायचा. आम्ही सकाळी सहाला कंबर तलावावर जायचो. मी चाळीस पावलांवर पाठ करून उभी राहायचे, त्याने हळू बोलायचं, आणि शब्द हरवला की मी हात वर करायचे. पहिल्या आठवड्यात माझा हात खाली आलाच नाही. चूक कुठे होती, तर वाक्याच्या शेवटी. मराठीत सगळा अर्थ शेवटी येऊन बसतो. ‘मी त्या रात्री आलो नव्हतो’ यातलं ‘नव्हतो’ गिळलंत की मागच्या रांगेतल्या माणसाला ‘आलो’ एवढंच ऐकू जातं, म्हणजे नेमकं उलटं. पोट भरून श्वास घ्या, वाक्याच्या शेवटापर्यंत पुरवा, शेवटचं क्रियापद ओंजळीत धरून समोरच्याला द्या. हा सराव सकाळी सातच्या आत उरका. मार्च-एप्रिलच्या सोलापुरात दहानंतर उघड्यावर आवाज लावला तर घसा कोरडा पडतो.

भाषेबद्दल फार विचारतात. ‘मॅडम, माझी सोलापुरी जाईल का?’ ती घालवायची कशाला? आपल्या गावात मराठी, कानडी, तेलुगू, दखनी एकाच गल्लीत नांदतात. त्यामुळे आपल्या कानाला चार चाली माहीत आहेत, ही मोठी मिळकत आहे. पण संहितेत जी भाषा लिहिली आहे ती आधी स्वच्छ यायला हवी. ‘पाणी’, ‘आणि’, ‘कोणी’ यांतला ण रोज दहा वेळा मोठ्याने म्हणा. चहाचा च आणि चमच्याचा च वेगळे आहेत, ते कानाने ओळखा. घरात तेलुगू किंवा कानडी असेल तर लिंगाकडे लक्ष द्या, ‘माझा चादर’ असं निघून जातं आणि बोलणाऱ्याला कळतही नाही. वर्तमानपत्राचं एक पान रोज मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्याकडून ऐकवून घ्या. दिग्दर्शकाने ‘तुझ्या गावच्या बोलीत म्हण’ असं सांगितलं, तरच ‘काय करलालास बे’ काढा. तेही घरी जसं म्हणता तसंच. लोकांना हसवायला ताणलेली बोली मला समोर उभं राहून ऐकवत नाही.

ऑडिशन मुंबईत असेल तर बहुतेक जण रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने जातात आणि सकाळी उतरून तसेच तालमीच्या हॉलवर येतात. जमलं तर एक दिवस आधी जा. नाही जमलं, तर गाडीत रात्री गप्पा मारू नका, गळ्याभोवती उपरणं ठेवा, उतरल्यावर कोमट पाणी प्या आणि हॉलवर जायच्या आधी अर्धा तास हळू आवाजात गुणगुणा. रात्रभराच्या प्रवासानंतरचा पहिला आवाज टेबलासमोर काढायचा नाही. पुण्याला असेल तर हुतात्मा एक्सप्रेस सोयीची, पण ती सकाळी लवकर निघते, त्यामुळे आदल्या रात्री जेवण हलकं घ्या. कपडे साधे, अंगासरशी, बसता-उठता येईल असे. बोजड दागिने नकोत, हात हलला की वाजतात.

आत गेल्यावर नाव सांगा आणि थांबा. बरेचदा दिग्दर्शक उतारा सुरू करायच्या आधी काहीबाही विचारतात. त्यांना तुमचा रोजचा आवाज ऐकायचा असतो. एका मुलीला विचारलं, ‘सोलापुरात प्रयोग कुठे करता?’ ती म्हणाली, ‘हुतात्मा स्मृती मंदिरात.’ त्यांनी पुढे विचारलं, कुणाची स्मृती? तिने मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे अशी चारही नावं घेतली, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी दिली हे सांगितलं. आजोबांनी तिला लहानपणी सांगितलं होतं तसं, सावकाश, एकेका नावावर थांबत. मग तिने उतारा सुरू केला आणि आवाज एकदम पाटीवरच्या अक्षरांसारखा कडक झाला. दिग्दर्शकांनी तिला थांबवलं. म्हणाले, ‘मघाशी ती चार नावं घेतलीस ना, तशी बोल.’ ती दोन क्षण गप्प उभी राहिली आणि पुन्हा सुरू केलं. ते काम तिला मिळालं.

यानंतर समोरचं वाचन येतं, म्हणजे माझा भाग. ऐनवेळी दोन पानं हातात देतात. दहा मिनिटं मिळतात. त्या वेळात पाठांतर करत बसू नका. प्रसंगात कोण कोणाकडे काय मागतंय ते शोधा आणि आपली वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित करा. आणि वाचताना माझ्याकडे बघा. दहातले आठ जण माझं वाक्य चालू असताना आपलं पुढचं वाक्य कागदावर शोधत असतात, मी मेले तरी त्यांना कळणार नाही. तो मागवाला मुलगा पुण्यातल्या एका वाचनाला माझ्यासमोर आला. संहितेत माझं वाक्य होतं, ‘दार कुणी उघडलं?’ मी ‘दार’ म्हणून मुद्दाम थांबले, तसं मी सगळ्यांना करते. बाकीच्यांनी माझं वाक्य संपायची वाट न बघता आपलं म्हणून टाकलं होतं. तो थांबला. मान वळवून हॉलच्या खऱ्या दाराकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मी ‘कुणी उघडलं?’ म्हणाले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती आधीच येऊन पोचली होती. निर्मात्यांनी हातातला चहा खाली ठेवला. ऐकणारा नट दौऱ्यावर सगळ्यांना सांभाळून घेतो, समोरच्याचं वाक्य सुटलं तरी प्रयोग पडू देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग सूचना येते. ‘हेच आता बाळाला झोपवताना म्हण.’ इथे पुष्कळांचा चेहरा उतरतो, त्यांना वाटतं आपलं चुकलं. सूचना मिळणं ही चांगली खूण आहे, कारण आवडलं नसतं तर धन्यवाद म्हणून मोकळे झाले असते. तेव्हा बदल ठळक करा. तेच पुन्हा थोडं हळू म्हणण्यात अर्थ नाही. खाली बसा, हात थोपटता ठेवा, वाक्याची लयच बदला. चुकला तरी चालेल, पण बदलता येतं हे दिसू द्या.

बालनाट्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात. एक, दोन ओळी सुरात गाता याव्यात आणि तालात चार पावलं टाकता यावीत. दुसरी, दमसास. सुट्टीत एका दिवशी दोन-दोन प्रयोग लागतात, अंगावर अस्वलाचा पोशाख असतो आणि बाहेर बेचाळीस अंश तापमान असतं. मुलांना खोटं लगेच कळतं, म्हणून राक्षस असला तरी तो मनापासून करावा लागतो. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आई-वडिलांनी हे विचारून घ्यावं: नियमाप्रमाणे बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, आणि त्याच्या मानधनातला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत जायला हवा.

आणि पैसे. ऑडिशनसाठी, नावनोंदणीसाठी किंवा भूमिका ‘पक्की करायला’ कोणी रक्कम मागितली तर तिथूनच परत फिरा. माझ्या तरुणपणी एका मंडळीने माझ्या अकरा नाइट (नाइट म्हणजे एका प्रयोगाचं मानधन) बुडवल्या, कारण सगळं तोंडी ठरलं होतं आणि विचारायला मला संकोच वाटला. तुम्ही संकोच करू नका. निवडीचा फोन आला की विचारा: नाइट किती, ती प्रयोग संपल्यावर मिळते की महिनाअखेर, एका दिवसात दोन प्रयोग झाले तर दोन नाइट धरतात का, तालमीच्या दिवसांचा प्रवासखर्च कोण देतं, दौऱ्यात राहायची आणि जेवायची सोय काय, प्रयोग ऐनवेळी रद्द झाला तर काय. मुलींनी मुक्कामाच्या खोलीत सोबत कोण असेल तेही स्पष्ट विचारावं. उत्तरं मिळाली की तीच त्यांना मेसेजवर लिहून पाठवा, आणि ‘बरोबर आहे’ असं उत्तर आल्यावरच तालमीचं तिकीट काढा.