लांबलचक इंग्लिश शब्द फोडायचा कसा

रिस्पॉन्सिबिलिटीसारखा शब्द आला की बरीच पोरं पहिली दोनतीन लेटरं वाचतात आणि पुढचं अंदाजाने ठोकून देतात, आणि स्पेलिंगसाठी मग एकेक लेटर घोकत बसतात. प्लीज घोकायला लावू नका, शब्द फोडायला शिकवा.

आधी दोन्ही टोकं बघायची. पुढे अन, रि, डिस, मिस, इंटर यातलं काही चिकटलंय का, मागे मेंट, एबल, नेस आहे का. असेल तर बाजूला काढा, उरलेला भाग बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. अनकम्फर्टेबलमधून अन काढला, एबल काढला, राहिलं कम्फर्ट. फक्त उरलेल्याला अर्थ पाहिजे हां, अंकलच्या सुरुवातीला यू-एन दिसतं म्हणून ते कापून चालत नाही.

स्पेलिंगला खरा फायदा इथेच होतो. डिसअपिअरमधे एस किती, पी किती, यात भलेभले अडकतात. डिस अधिक अपिअर असं मांडा, डिसचा एस एकच आणि अपिअरचे पी दोन, विषय संपला. अननेसेसरीत सुरुवातीला दोन एन का, तर एक अनचा आणि एक नेसेसरीचा. गव्हर्नमेंटमधला बोलताना गायब होणारा एन पण असाच सापडतो, गव्हर्न अधिक मेंट.

मधला भागही लांब असेल तर सिलेबल, म्हणजे उच्चारातले तुकडे, पाडायचे. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश म्हणा, जबडा जितक्यांदा खाली येतो साधारण तितके सिलेबल, कारण प्रत्येकात स्वराचा आवाज एकच असतो. रि-स्पॉन-सि-बि-लि-टी, सहा. कागदावर तोडताना दोन स्वरांमधे दोन व्यंजनं असतील तर बहुधा त्या दोघांच्या मधून तोडायचं, बास-केट, पण एस-एच, टी-एच, पी-एच अशा जोड्या तोडायच्या नाहीत कारण त्यांचा आवाज मिळून एकच. व्यंजन एकच असेल तर आधी त्याच्या अलीकडे तोडून बघा, टाय-गर, नाही जमलं तर पलीकडे, कॅब-इन. शेवटचा सायलेंट ई मोजू नका.

आणि सिलेबल जिथे तुटतो तिथेच अर्थ तुटेल असं नाही. हेलिकॉप्टर आपण म्हणतो हे-लि-कॉप-टर, पण ग्रीकमधले तुकडे आहेत हेलिको, म्हणजे गोल वळत जाणारं, आणि प्टर, म्हणजे पंख. वाचायला सिलेबल, समजायला अर्थाचे तुकडे. सायन्सला तर हेच तुकडे लागतात, आयटिस म्हणजे दाह एवढं कळलं की हेपटायटिस लिव्हरचा, आर्थ्रायटिस सांध्यांचा, अपेंडिसायटिस अपेंडिक्सचा, एका तुकड्यात तीन शब्द सुटले. त्यामुळे आठवी-नववीच्या पोरांना शब्दांची यादी देण्यापेक्षा अशा तुकड्यांची यादी द्या आणि त्यांचे शब्द त्यांनाच पुस्तकातून शोधू द्या.