असेंबल केलेल्या संगणकाला साउंड कार्ड लागते का, हे कसे ठरवावे

सांगली-मिरजेत ओळखीच्या कोणी घरी संगणक असेंबल करायला घेतला आणि सुट्या भागांची यादी पाहायला दिली, की प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) यांच्याखाली ‘साउंड कार्ड’ (संगणकाचा आवाज बाहेर काढणारे वेगळे कार्ड) असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेले मला अनेकदा दिसते. त्या प्रश्नाचे उत्तर संगणक जोडून झाल्यावर घरीच मिळते. म्हणून यादीतून साउंड कार्ड तूर्त वगळावे आणि मदरबोर्डवर एक छोटा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट (जादा कार्ड खोचायची खाच) मोकळा राहील, एवढे मात्र पाहावे.

कार्ड घ्यावेच लागते ही समजूत जुनी आहे, आणि एके काळी ती खरीही होती. मदरबोर्डवर ध्वनीची सोयच नसे, त्या दिवसांत १९८९ साली आलेल्या साउंड ब्लास्टरसारखे कार्ड बसवल्याशिवाय संगणकातून साध्या ‘बीप’पलीकडे फारसे काही ऐकू येत नसे. इंटेलने १९९७ मध्ये एसी-९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानके आणली, तशी ही सोय मदरबोर्डवरच येऊ लागली. पुढे २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने गेममधील ध्वनीचे काम थेट कार्डावरच्या चिपकडे सोपवण्याची जुनी वाट बंद केली, आणि कार्डाचा उरलेला मोठा फायदाही कमी झाला. आज साध्या मदरबोर्डवरची ध्वनीची चिपसुद्धा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ या दर्जाच्या वरचा ध्वनी सहज हाताळते.

आता स्वतःच्या घरातली जोडणी पाहावी. संगणकात ध्वनी आकड्यांच्या रूपात असतो आणि हेडफोनच्या तारेतून तो विजेच्या लहरींच्या रूपात जातो. हे रूपांतर नेमके कुठे होते, ते शोधावे. आवाज एचडीएमआयमधून टीव्हीकडे जात असेल, तर रूपांतर टीव्हीत होते. यूएसबी हेडसेट किंवा ब्लूटूथ स्पीकर असेल, तर त्यांच्या पोटातच होते, आणि ऑप्टिकल तारेने जोडलेल्या ॲम्प्लिफायरचेही तसेच आहे. या सर्व जोडण्यांत साउंड कार्डावर खर्च केलेल्या पैशाने ऐकू येणाऱ्या आवाजात काही फरक पडत नाही. मागच्या हिरव्या जॅकमध्ये किंवा कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये तार खोचून ऐकणाऱ्यांनीच पुढची परीक्षा करावी.

ही परीक्षा शांततेची आहे. ध्वनी मुद्रित करण्याच्या ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये मिनिटभराची पूर्ण निःशब्द फाइल तयार करावी, रात्री पंखा बंद करून ती नेहमीच्या व्हॉल्यूमला वाजवावी आणि हेडफोन लावून ऐकावे. फाइल वाजवणे आवश्यक आहे, कारण काहीच वाजत नसताना अनेक चिपा झोपी जातात आणि खोटी शांतता ऐकू येते. माउस हलवताना किंवा पान वरखाली सरकवताना बारीक चिरचिर ऐकू आली, तर ती कॅबिनेटमधल्या इतर भागांची आहे. तसे झाल्यास हेडफोन पुढच्या जॅकमधून काढून मागच्या जॅकमध्ये लावावा. पुढच्या जॅकची बारीक तार बहुधा मदरबोर्डच्या खालच्या कडेने, ग्राफिक कार्डाच्या अगदी पोटाखालून जाते आणि वाटेत तिथला विद्युत गोंगाट उचलते. मागच्या जॅकवर चिरचिर थांबली, तर दोष तारेच्या वाटेचा आहे. कार्ड विकत घेण्यापेक्षा हेडफोनसाठी एक चांगली एक्स्टेंशन तार घेणे शहाणपणाचे आहे.

चिरचिर नसून सलग ‘घूं’ असा आवाज येत असेल, तर त्याचे मूळ बहुतेक वेळा घराच्या वायरिंगमध्ये असते. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि त्या घरघरीत १०० हर्ट्झचा स्वर ठळक असतो. हा स्वर हार्मोनियमच्या खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर पडतो, त्यामुळे मिरजेतल्या तयार कानाला तो शेजारच्या तंबोऱ्याशी बेसूर असल्याचे तत्काळ जाणवते. खणभागातील एका जुन्या घरात मी जोडून दिलेल्या संगणकावर हा आवाज इतका होता, की घरच्यांनी कार्ड मागवायचे ठरवले होते. कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लागली आणि मला बारीक झिणझिणी जाणवली. तपासले तेव्हा एक्स्टेंशन बोर्डाला तिसरी पिन होती, पण भिंतीतल्या सॉकेटपर्यंत अर्थिंगची तारच आलेली नव्हती. अर्थिंग नसले की एसएमपीएसमधील फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे पत्र्यावर पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मा दाब चढतो, आणि तोच ऑडिओच्या तारेतून स्पीकरपर्यंत पोहोचतो. वायरमनने अर्थिंग ओढून दिल्यावर घरघर थांबली. कार्ड बसवले असते, तर तेही त्याच पत्र्याला जोडले गेले असते आणि पैसे वाया गेले असते. झिणझिणी जाणवली तर आवाजाचा विचार बाजूला ठेवून वायरमनला आधी बोलवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अर्थिंग नीट असूनही घरघर येत असेल, तर संगणक आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहावे. संगणकाकडची तार काढूनही स्पीकर घरघरत राहिला, तर दोष स्पीकरचा किंवा तारेचा आहे.

ताकदीचा प्रश्न वेगळा आहे. नेहमीचे हेडफोन ३२ ओहमच्या आसपास असतात आणि मदरबोर्डचा जॅक ते आरामात चालवतो. २५० किंवा ३०० ओहमच्या स्टुडिओ हेडफोनवर मात्र व्हॉल्यूम पूर्ण वाढवूनही आवाज दबलेला वाटू शकतो. तेव्हा बाहेर ठेवायचा यूएसबी डॅक (आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारी डबी) आणि हेडफोन ॲम्प्लिफायर घ्यावा, कारण तो कॅबिनेटच्या गोंगाटापासून दूर राहतो आणि उद्या लॅपटॉपलाही जोडता येतो.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी माझे मत याहून ठाम आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि इथल्या घरांत शिकवणीचे किंवा रियाजाचे मुद्रण करू पाहणारे पुष्कळ आहेत. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणक, लावली, की एक तार छेडल्यावर तिचे स्वरांश कितीतरी वेळ विरत राहतात, आणि नेमक्या त्या विरणाऱ्या शेपटीत मदरबोर्डच्या गुलाबी जॅकची खरखर वर येते. तो जॅक हेडसेटच्या लहानशा माइकसाठी आहे. त्यावर २० किंवा ३० डेसिबलचा बूस्ट चढवला की तंबोऱ्याबरोबर खरखरही तेवढीच वाढते. चांगल्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्याच तारेतून दिली जाणारी वीज) लागतो आणि तो ऐकण्यासाठी बनवलेल्या साउंड कार्डावर सहसा मिळत नाही. अशांनी यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक जोडायची बाहेरची डबी) घ्यावा आणि त्याच कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (ध्वनीचा विलंब कमी ठेवणारा प्रोग्रॅम) टाकावा. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचा ध्वनीचा तुकडा) ठेवला, तर त्या बफरमुळे होणारा विलंब सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा असतो आणि गाताना तो खटकत नाही.

उरतात ते थोडे लोक, ज्यांना ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) वेगवेगळ्या तारांनी जोडायचे आहेत पण मदरबोर्डवर तेवढे जॅक नाहीत, किंवा ज्यांच्या मागच्या जॅकवरही चिरचिर जात नाही आणि ज्यांना टेबलावर आणखी एक डबी नको आहे. त्यांनी कार्ड जरूर घ्यावे. जुने पीसीआय कार्ड स्वस्त मिळाले तरी ते आजच्या स्लॉटमध्ये बसत नाही, तेव्हा पीसीआय एक्स्प्रेसचेच घ्यावे, ग्राफिक कार्डापासून शक्य तितक्या दूरच्या स्लॉटमध्ये बसवावे आणि कार्डावर सोय असल्यास पुढच्या जॅकची तार मदरबोर्डवरून काढून तिथे जोडावी. परत करण्याची मुदत दुकानदाराशी आधीच बोलून ठेवावी आणि त्या मुदतीत तीच निःशब्द फाइल, त्याच हेडफोनवर, आवाजाची पातळी तेवढीच ठेवून पुन्हा वाजवून पाहावी.