गाडीचा जुना रंग काढताना: नवीन शिकणाऱ्यांसाठी थोडं अनुभवातून

नवीन मुलांच्या हातात सँडर (घासायचं मशीन) आला की सगळ्यात आधी पत्रा चकचकीत करायची घाई होते. मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि शिकायला येणाऱ्याला पहिलं सांगतो की मशीन बाजूला ठेव, आधी किती काढायचंय ते ठरव. कंपनीचा रंग म्हणजे एक थर नाही, सगळ्यात खाली ईडी कोट, तो आख्खी बॉडी टाकीत बुडवून करंटवर बसवलेला असतो, त्यावर प्रायमर, मग कलर, मग वरचा पारदर्शक क्लिअर, आणि हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. तो खालचा ईडी कोट गॅरेजमध्ये परत तसा बसवता येत नाही, म्हणून जिथे तो घट्ट आहे, गंज नाही, तिथे त्याला हात लावू नका. मायक्रॉन मीटर (रंगाची जाडी मोजायचं यंत्र) असेल तर सगळीकडे लावून बघा, आकडा एकदम ५००-७०० च्या वर गेला तर खाली बहुतेक लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

घासायच्या आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसून घ्यायचं, नाहीतर पॉलिशमधलं सिलिकॉन पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतं आणि नवीन रंगाला डोळे (बारीक गोल खड्डे) पडतात. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रंग काढा, पुढे १२०, १८०, ३२०. मधला नंबर गाळला तर ८० चे ओरखडे रंग सुकल्यावर वर दिसतात.

खरं कौशल्य कडेला आहे. जिथे जुना रंग संपतो तिथे कलर, प्रायमर, पत्रा अशा गोल रेघा दिसतात, झाडाच्या खोडात दिसतात तशा. त्या रुंद झाल्या म्हणजे उतार नीट आलाय, एकमेकीला चिकटून असतील तर पायरी आहे, अजून घासा. डोळे मिटून बोटं फिरवा, पायरी कळते. बॉडीच्या लाईनवर आणि दाराच्या कडांवर मात्र हातानेच घासा, मशीन तिथे क्षणात पत्र्यापर्यंत जातं.

केमिकल रिमूव्हर पटापट काम करतो पण बंपरच्या प्लास्टिकवर अजिबात नाही, आणि सांध्यात शिरला की नंतर नवीन रंग तिथूनच उचलतो, त्यामुळे सांधे टेपने बंद करा. हवेच्या दाबाने वाळू मारून रंग काढणं पण मोठ्या सपाट पॅनलवर टाळा, बॉनेट, छत यांचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, तो वाकडा होतो आणि मग सरळ करताना नाकी नऊ येतात.

मास्कच्या बाबतीत ऐकाच माझं, साधा रुमाल चालत नाही. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं आणि धूळ फुफ्फुसात जाते, चांगला फिल्टरवाला मास्क लावा आणि रिमूव्हर वापरताना गॅसचा फिल्टर वेगळा लागतो, धुळीचा तिथे उपयोगाचा नाही.

उघडा पत्रा रात्रभर तसा सोडायचा नाही. दमट हवेत काही तासांत बारीक गंज धरतो, नुसत्या हाताचा घाम लागला तरी डाग येतो. म्हणून त्या दिवशी इपॉक्सी प्रायमर मारून होईल तेवढाच भाग उघडा करा, बाकीचा उद्या.