पिठाचं पाकीट नसताना अरेपा

व्हेनेझुएलातल्या माराकायबोत 2017 साली दुकानांतून मक्याचं तयार पीठ गायब झालं होतं. त्याच वर्षी आई सरहद्द ओलांडून कोलंबियातल्या मायकाओला कामाला गेली आणि मी आजीकडे राहिले. मी अकरा वर्षांची होते. तेव्हा शिकलेली ही अरेपाची, म्हणजे मक्याच्या जाड भाकरीची पद्धत.

एक किलो सुका मका घ्या. पाण्यात चमचाभर खायचा चुना घालून उकळा. अर्ध्या तासात सालं सुटायला लागतील. मग दोन्ही हातांनी चोळून धुवा. चार पाणी, पाच पाणी, चुन्याचा वास जाईपर्यंत. (आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. आजी मका धुतलेलं पाणी संडासात टाकायला बादलीत साठवायची.) पुन्हा शिजवा, पण दाणा दाताखाली थोडा कडकच राहू द्या, मऊ झाला तर पिठाचा चिखल होतो. गार झाल्यावर हातगिरणीतून दोनदा काढा. मीठ घालून मळा, तळहाताएवढे जाड गोळे चपटे करा आणि तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. बोटाने टकटक केल्यावर पोकळ वाजला की झाला.

सरकारी रेशनची पेटी आली तर आत भरायला डाळ असे. नाहीतर नुसतं मीठ. पेटीसाठी लागणारं सरकारी कार्ड आजीने शिव्या देत काढलं होतं.

2019 च्या मार्चमध्ये देशभर वीज गेली तेव्हा आम्ही हे अंगणात लाकडांवर केलं. आईचा फोन पाच दिवस लागला नाही. आजी आईच्या वाटणीचा अरेपा रोज बाजूला ठेवायची आणि रात्री मला द्यायची.